पुन्हा घडणे, आणि यंदाचे अनारसे

मुलीने मला हे काम का लावून दिलं ते तिने कधी सांगितलं नाही, पण मला माहीत आहे. बायको गेल्यानंतरच्या वर्षात मी आमच्या जे. पी. नगरच्या इमारतीत पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीशी तीनदा भांडलो, आणि तिन्ही वेळा माझंच बरोबर होतं. म्हातारा माणूस चुकत असला तर लोक सांभाळून घेतात. बरोबर असला की त्याच्या मुलीला फोन जातो. तसा तो गेला, आणि पुढच्याच आठवड्यात तिने माझ्या लॅपटॉपवर एक तक्ता उघडून दिला.

ती महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत भाषेचं काम बघते. त्यांना फोनमध्ये मराठीचा शब्दकोश बसवायचा आहे. तक्त्यात पहिल्या रकान्यात क्रियापद असतं. पुढे त्याचा अर्थ लिहायचा, मग समानार्थी शब्द, मग तीन उदाहरणवाक्यं. मी भरायचं आणि तिने तपासायचं. चुकलं तर समासात लाल शेरा. चौतीस वर्षं मी सरकारी कारखान्यात दुसऱ्यांनी केलेले भाग मायक्रोमीटर लावून नापास केले, आणि आता पोटची पोर माझी वाक्यं नापास करते. मला याचा राग यायला हवा होता. उलट मी लॅपटॉप सकाळी सातलाच उघडून बसायला लागलो. शेऱ्यांमधून का होईना, ती माझ्याशी रोज बोलत होती.

मेच्या मध्याला, ज्या आठवड्यात अधिक महिना लागला, त्याच आठवड्यात तक्त्यात क्रियापद आलं: पुन्हा घडणे.

अर्थ लिहायला अर्धं मिनिट लागलं. एकदा होऊन गेलेली गोष्ट परत होणे. अडलं ते समानार्थी शब्दांपाशी. समानार्थी शब्द हा प्रकार मला मुळातच संशयास्पद वाटतो. दोन बोल्ट एका मापाचे असू शकतात, दोन शब्द नसतात. ‘पुनरावृत्ती होणे’ लिहिलं तर थेट कारखान्यातलं परिपत्रक आठवलं: सदर प्रकाराची पुनरावृत्ती झाल्यास कारवाई करण्यात येईल. घरात कुणी असं बोललं तर त्याला ताप आहे का बघावं लागेल. ‘फिरून होणे’ छान आहे, पण ते आता माझ्या वयाच्या लोकांपाशीच उरलंय. ‘डोकं वर काढणे’ हे भिंतीतली ओल, भाऊबंदांची भांडणं आणि दाढदुखी यांच्यासाठी. आणि ‘उलटणे’. ताप उलटतो, कावीळ उलटते. माणूस बरं व्हायला लागतं, उठून जेवायला बसतं, चार घास पोटात जातात, घरातले एकमेकांकडे बघून हसतात, आणि दुखणं उलटतं. बायकोच्या शेवटच्या वर्षात हा शब्द आमच्या घरात फार वेळा बोलला गेला. तो तक्त्यात लिहिला आणि मी उठून चहा टाकला.

चहा पिताना यादी पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं की यातले बहुतेक शब्द वाईटाच्या कामाला लागलेले आहेत. सुख उलटलं असं कुणी म्हणत नाही. आनंदाने डोकं वर काढलं असंही नाही. चांगली गोष्ट पुन्हा घडावी असं वाटलं तर आपण म्हणतो, ‘पुन्हा कधी योग येईल तेव्हा.’ म्हणजे हात वर. नाहीतर साधं ‘परत येणे’. तेही मी यादीत घातलं आणि पुढे कंसात लिहिलं, ‘माणूस, महिना, पाहुणा यांच्यासाठी’.

संध्याकाळी शेरा आला: ‘कंस काढा.’

उदाहरणवाक्यांचंही तसंच झालं. पहिलं वाक्य होतं, ‘अधिक महिना दर तीन वर्षांनी परत येतो.’ शेरा: ‘बत्तीस-तेहतीस महिन्यांनी. अचूक लिहा.’ ही माझीच मुलगी, शंका नको. दुसरं वाक्य होतं, ‘बऱ्या होत आलेल्या बाईंचा ताप उलटला.’ त्यावर काही शेरा नव्हता. तिसरं होतं, ‘तो पूर्वी दर रविवारी यायचा, पण पुन्हा आला नाही.’

शेरा: ‘“तो” कोण? संदर्भ नाही. वाक्य बदला.’

संदर्भ तिला माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. तो म्हणजे माझा जावई. अजून महिनाभर तरी जावईच.

त्याचं घराणं इथलं, कानडी मुलखातलं, आनेकलचं. तीन-साडेतीन शतकांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर त्यांचे पूर्वज दक्षिणेत उतरले आणि परत जायचं विसरले. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोन्हींच्या मधल्या उंबऱ्यावर जे काही तयार होतं ते ही माणसं बोलतात. आम्ही नवरा-बायको साताऱ्याचे. पहिल्या भेटीत त्याने मला ‘मामा, स्वल्प सरका की’ म्हटलं तेव्हा मी सरकलो, पण नक्की का सरकलो ते मला बायकोने घरी येऊन समजावलं. मला तो मामा म्हणायचा आणि माझ्या बायकोला अत्ते. फोनवरचं बोलणं संपत आलं की म्हणायचा, ‘मत्ते?’ म्हणजे, आणखी काय? मग आणखी दहा मिनिटं जायची.

आनेकलला त्याचं छोटं मशिनशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, चार कामगार. शिक्षण आयटीआयचं, पण हाताला असं माप की मी माझ्या कारखान्यात असे दोनच लोक पाहिले होते. रविवारी तो सकाळी यायचा. मुलगी तिच्या आईशी गप्पा मारत बसायची आणि आम्ही दोघं बाल्कनीत काहीतरी उघडून बसायचो. मिक्सर, पंखा, एकदा तर शेजारणीचं शिवणयंत्र. दुरुस्त होण्याची आम्हाला घाई नसायची. मला मुलगा नाही. मुलगा हवा होता असं मला कधी वाटलं नाही, हे मी बायकोला शपथेवर सांगितलेलं आहे. तो यायला लागल्यावर ती शपथ जरा पातळ झाली.

आणि अधिक महिना. अधिकात जावयाला वाण देतात हे मराठी माणसाला सांगायला नको. तेहतीस अनारसे, जाळीदार, तांब्याच्या ताम्हनात, वर तुपाचा दिवा. बायकोने ते तीनदा दिलं. पहिल्यांदा लग्नाच्या वर्षी. तेव्हाही यंदासारखा ज्येष्ठच अधिक होता. आनेकलकडे या पदार्थाला कज्जाय म्हणतात आणि तो खसखस नसलेला, जाडसर असतो, त्यामुळे जावई ताम्हनाकडे बघून म्हणाला, ‘अत्ते, कज्जायाला भोकं कशी पाडली?’ त्यावर ती इतकी हसली की दिवा विझला आणि पुन्हा लावावा लागला. दुसऱ्यांदा साथीच्या दिवसांत, फाटकातून. तिसऱ्यांदा ती आजारी होती. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तिने मुलीकडून करून घेतले, आणि जावयाने ताम्हन घेताना तिला उठूच दिलं नाही. तोच गुडघे टेकून खाली बसला.

त्यानंतर वर्षाच्या आत ती गेली. आणि गेल्या वर्षी मुलगी आनेकलचं घर सोडून महादेवपुऱ्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला लागली.

कारण मी विचारलं. कारखान्यात आमची पद्धत होती की एखादा दोष पुन्हा आला तर तो भाग बाजूला ठेवायचा आणि मूळ कारण सापडेपर्यंत का, का, का विचारत राहायचं. मी मुलीला पाच वेळा का विचारलं. ती म्हणाली, रोजचं जाणं-येणं. का? कारण तो दुकान आणि आई सोडून शहरात येऊ शकत नव्हता. का? बाबा, प्लीज. मी जावयालाही विचारलं. तो म्हणाला, ‘काही नाही मामा. आम्ही बोलायचं बंद केलं, मग ते चालू कसं करायचं कुणालाच कळलं नाही.’ हे दोघांचं उत्तर मी किती वेळा उलटंसुलटं करून पाहिलं. मारहाण नाही, व्यसन नाही, तिसरं माणूस नाही. माझ्या वहीत अशा भागाला मी ‘दुरुस्तीयोग्य’ असा शिक्का मारला असता. दोघांनी मिळून कोर्टात अर्ज दिला. सहा महिन्यांनंतरची शेवटची तारीख यंदाच्या जूनमध्ये होती.

त्याचं रविवारचं येणं अर्जाच्या आधीच बंद झालं होतं. कुणी बंद केलं नाही. येणार कोणत्या नात्याने? मुलगी ज्याला सोडून गेली तो जावई सासऱ्याकडे मिक्सर उघडायला येत नाही. मला त्याची आठवण येते हे मी कुणाला सांगणार होतो? मुलीला सांगितलं तर ती म्हणेल बाबा त्याच्या बाजूचे. मी कुणाच्या बाजूचा नव्हतो. मला फक्त रविवार परत हवा होता.

अधिक लागला त्या दिवशी मी तिला फोन केला. ‘अधिक लागला,’ म्हणालो.

‘माहितीये बाबा. ऐका, यंदा ते वाणबिण काही नको हं. पुढच्या महिन्यात फायनल डेट आहे. ऑकवर्ड होईल सगळ्यांनाच.’

‘नाही, नाही. मी कुठे काय म्हणतोय?’

फोन ठेवला आणि जाऊन तांदूळ भिजत घातले.

तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग पंचावर सावलीत सुकवायचे, जरा दमट असतानाच दळायचे, चाळायचे, गूळ किसून मळायचा आणि गोळा चार-पाच दिवस डब्यात ठेवून द्यायचा. एवढं मला पाहून माहीत होतं. प्रमाण माहीत नव्हतं. बायको सगळं अंदाजाने करायची, आणि तिचा अंदाज कसा चालतो हे मी एवढ्या वर्षांत कधी विचारलं नाही. जगातल्या सगळ्या गोष्टींचं मूळ कारण विचारलं, हे सोडून. मी वजनकाटा काढला. तांदूळ मोजले, गूळ मोजला, वहीत लिहिलं. गोळा डब्यात ठेवल्यापासून पाचव्या दिवशी पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. म्हणजे तुपात पसरला, विरघळला आणि त्याचा चुरा तरंगायला लागला. दुसरा हसला. तिसराही हसला. कढईभर हसणं घेऊन मी उभा राहिलो.

वास वरच्या मजल्यापर्यंत गेला असावा. वरच्या अक्का खाली आल्या. त्या कन्नड, वय माझ्याएवढंच. बायकोच्या आजारपणात त्यांच्या हातचं सार रोज आमच्याकडे यायचं. त्यांनी कढईत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वजनकाट्याकडे पाहिलं.

‘बेल्ला जास्ती,’ त्या म्हणाल्या. म्हणजे गूळ जास्त. ‘स्वल्प अक्की हिट्टु हाकि, सरी होगुत्ते.’

थोडं तांदळाचं पीठ घाला, ठीक होईल. त्यांनी स्वतःच मूठभर घातलं, अंदाजाने, आणि मळून दिलं. मग खसखशीवर थापून एक सोडला. तो तळाशी गेला, वर आला, आणि त्याला जाळी पडली. मी तिथेच, त्या कढईसमोर, परक्या बाईदेखत रडलो. अक्कांनी गॅस बारीक केला आणि दुसरा थापायला घेतला.

तेहतीस झाले. अक्कांनी जाताना विचारलं, ‘अळिया बर्तारा?’ जावई येतायत का? मी म्हणालो, हो. म्हणजे तोवर मी ठरवलं होतं.

त्याच दुपारी फोन लावला. पलीकडे लेथचा आवाज होता, मग तो बंद झाला.

‘मामा? बरं आहे ना?’

‘बरं आहे. रविवारी येऊन जा. अनारसे केलेत.’

त्याने कामगारांना चहाला पाठवल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, ‘तिला सांगितलंय काय?’

इथे मी सरळ नाही म्हणू शकलो असतो. तो आला नसता. एवढंच झालं असतं. आयुष्यभर मी हजारो माणसांची खोटी मापं पकडली, आणि माझ्या तोंडून सहज निघालं, ‘हो. तिला माहीत आहे.’

‘सरी मामा,’ तो म्हणाला. आवाज बदललेला मला ऐकू आला, पण मी त्याचा अर्थ माझ्या सोयीने लावला. मला वाटलं, त्यालाही माझी आठवण येत होती.

रविवारी तो अकराला आला. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. आमच्याकडे तो नेहमी ग्रीसचे डाग पडलेल्या टीशर्टात यायचा, म्हणजे दुरुस्तीत बिघडलं तर बिघडू दे. हातात पिशवी, पिशवीत दोन स्टीलचे डबे. ‘घरच्या झाडाचा फणस,’ म्हणाला. ‘गरे काढून आणलेत. हा तुमचा.’ दुसरा डबा त्याने स्वतःच्या खुर्चीशेजारी ठेवला. बाल्कनीत मी बंद पडलेलं टेबलघड्याळ आणि स्क्रूड्रायव्हरचा संच मुद्दाम मांडून ठेवला होता. त्याने तिकडे पाहिलं आणि दारासमोरच्या खुर्चीत बसला. त्या खुर्चीत तो कधी बसत नसे.

आम्ही बोललो. पावसाचं, पावडर कोटिंगवाल्याचं, त्याच्या आईच्या गुडघ्याचं. लिफ्टचा आवाज आला की तो बोलता बोलता थांबायचा. लिफ्ट वर निघून गेली की वाक्य पुढे चालू. असं तीनदा झालं. चौथ्यांदा लिफ्ट आमच्याच मजल्यावर थांबली. तो उठून उभा राहिला आणि त्याने शर्ट खाली ओढून नीट केला. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि लागलं.

तो बसला. ‘ट्रॅफिक असेल,’ म्हणाला. ‘महादेवपुऱ्याहून रविवारीपण तास लागतो.’

तेव्हा मला कळलं. इतकं मठ्ठ डोकं घेऊन मी चौतीस वर्षं पगार कसा घेतला कोण जाणे. दुसरा डबा तिचा होता. शर्ट तिच्यासाठी होता. मी ‘तिला माहीत आहे’ म्हटलं होतं, आणि त्याने ऐकलं होतं की तिनेच बोलावलंय.

‘ती येणार नाही,’ मी म्हणालो. ‘तिला काही माहीत नाही. मी तुझ्याशी खोटं बोललो.’

त्याने शेजारचा डबा खुर्चीखाली सरकवला. ‘सरी,’ म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, ‘सरी मामा.’

‘तू यावंस असं मला वाटत होतं. मला. तिचा काही संबंध नाही. मी एकटा असतो रे इथे.’

‘बोलायचं होतं की तसं. मी आलो असतो.’ मग त्याने दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले. ‘सहा महिने झाले मामा. स्वल्प बरं वाटायला लागलं होतं. जेवण जात होतं. आईपण म्हणायची, आता चेहरा सुधारला. तुमचा फोन आला त्या दिवसापासून मी लेथवरचे दोन जॉब वाया घालवले.’

मला माझा रविवार हवा होता आणि त्यापायी मी या पोराचं बरं होत आलेलं दुखणं उलटवलं. तक्त्यात मी हा शब्द स्वतःच्या हाताने लिहिला होता, उदाहरणासकट, आणि तरी मला तो उपयोगी पडला नाही.

काहीतरी करायचं म्हणून मी आतून ताम्हन आणलं. दिवा लावलेला होता. त्याने ताम्हन हातात घेतलं नाही.

‘हे जोडीनं घ्यायचं असतं की, मामा. देतातही जोडीनंच.’ तो हळू बोलत होता, माझी समजूत काढल्यासारखा. ‘आता तुमच्याकडे अत्ते नाहीत आणि माझ्याकडे ती नाही. कोण कुणाला देणार?’

त्याने दिवा उचलून अलगद टीपॉयवर ठेवला. मग वरचा एक अनारसा घेतला. ‘वाण नको. खायला घेतो.’ चार खाल्ले. सावकाश, खसखस तळहातावर पडेल ती चाटून. ‘अत्तेंसारखे नाहीत,’ म्हणाला.

‘नाहीत.’

‘पण झालेत.’

जाताना त्याने वाकून नमस्कार केला. दोन्ही डबे इथेच ठेवले. ‘तिला देता आला तर द्या. नाहीतर अक्कांना द्या,’ एवढंच बोलला. घड्याळाला हात लावला नाही. लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरला, आणि मी बाल्कनीतून त्याची मोटारसायकल वळणापर्यंत पाहिली. तो पुन्हा येणार नाही हे मला समजत होतं. तो रागावला होता म्हणून नाही. त्याच्यात राग नव्हताच. इथे आलं की तिची वाट बघणं होणार, आणि ते त्याला आता परवडणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या जेवणाच्या सुट्टीत मी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. तांदूळ भिजवल्यापासून. खोटं बोललो तेही.

‘बाबा, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?’ ती शेवटी म्हणाली. ‘आम्ही दोघांनी किती कष्टाने इथपर्यंत आणलंय. न भांडता. न रडता. त्याला एक फोन करायचा नाही म्हणून मी त्याचा नंबर काढून टाकलाय, आणि तुम्ही त्याला तिथे माझी वाट बघत बसवलंत? स्वतःला करमत नाही म्हणून?’

‘हो,’ मी म्हणालो. कारण ते खरं होतं.

मागे कँटीनमधली भांडी वाजत होती. मला वाटलं आता फोन ठेवेल.

‘गरे सोललेले आहेत?’ तिने विचारलं.

‘हो. बिया काढून.’

‘तंतू?’

मी जाऊन डबा उघडून पाहिला. एकेक गरा साफ केलेला होता, एक तंतू राहिला नव्हता. फणस सोलताना हात किती चिकट होतात आणि त्याला ते किती आवडत नाही हे मला माहीत होतं. मशीनचं काम झालं की पहिल्यांदा हात धुणारा माणूस.

‘नाहीत,’ म्हणालो.

‘टाकू नका,’ ती म्हणाली. ‘मी संध्याकाळी येते. आणि बाबा, पुन्हा असं करायचं नाही.’

‘नाही करणार.’

ती साडेसहाला आली. स्वयंपाकघरात जमिनीवर, ओट्याला पाठ टेकून बसली आणि डबा मांडीवर घेऊन खायला लागली. मला एकही विचारला नाही. अर्धा डबा संपल्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण खाणं थांबलं नाही. मी दारात उभा होतो. आत जाऊन जवळ बसावं असं वाटत होतं आणि बसलो नाही. ताम्हनात एकोणतीस अनारसे होते, त्यांच्याकडे तिने पाहिलं आणि त्यातला एक उचलून गऱ्याबरोबर खाल्ला.

संपल्यावर तिने डबा घासला, पुसला, झाकण लावलं. झाकणावर कन्नडमध्ये तिच्या सासूचं नाव कोरलेलं होतं. ती त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिली.

‘हा त्यांच्या घरचा आहे,’ ती म्हणाली. ‘परत द्यायला हवा.’

मी नेऊन देतो, हे माझ्या ओठांवर आलं होतं. आनेकलची बस मला पाठ आहे. डबा द्यायच्या निमित्ताने दुकानात बसता आलं असतं, लेथ बघता आला असता, त्याने चहा सांगितला असता आणि ‘मत्ते?’ म्हटलं असतं. मला किती जावंसं वाटलं ते मी सांगू शकत नाही. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मी काय बोलतोय याची वाट बघत.

मी काही बोललो नाही. तिने डबा आपल्या बॅगेत ठेवला.